बेटावर राहायला जाताना: ‘अॅनिमल क्रॉसिंग’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाला जमलेले नातेवाईक, ऑफिसातली मंडळी, बिल्डिंगमधली मुलं, सगळे मला साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. उत्तरं निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलवरच्या ‘अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या व्हिडिओ गेमबद्दलची आहेत. जुन्या भागांचा विषय आला तर तसं सांगितलं आहे.

या गेममध्ये करायचं काय असतं?

तुम्ही एका ओसाड बेटावर तंबू ठोकून राहायला जाता. सोबत दोन शेजारी असतात आणि दोघेही प्राणी. मग मासे धरायचे, फुलपाखरं पकडायची, झाडं हलवून फळं पाडायची, तण उपटायचं, किनाऱ्यावरचे शिंपले वेचायचे, घर बांधायचं, शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या. हळूहळू आणखी प्राणी राहायला येतात, दुकान उघडतं, संग्रहालय उभं राहतं, आणि ओसाड बेटाचं गाव होतं.

आमच्या घरी पहिल्यांदा हे पाहून बाबा म्हणाले, “म्हणजे तू टीव्हीवर झाडलोट करतेस?” हो, बऱ्यापैकी तेच.

मग जिंकायचं कसं?

जिंकायचं नसतं. गुण नाहीत, शत्रू नाहीत, ‘गेम ओव्हर’ नाही. फार तर गांधीलमाशा चावून डोळा सुजतो, किंवा टॅरँट्युला हा मोठा कोळी चावला की चक्कर येऊन तुम्ही घरासमोर जागे होता. बेटाला तीन तारे मिळाले की के. के. स्लायडर हा गिटारवाला पांढरा कुत्रा येऊन गातो आणि पडद्यावर नामावली सरकते. पण तो शेवट समजू नका. त्यानंतरच तुम्हाला नद्या वळवायची आणि डोंगर रचायची परवानगी मिळते.

टॉम नूक हा सावकार आहे का हो?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण विनोद म्हणून विचारतात, पण उत्तर सविस्तर द्यावंसं वाटतं.

बेटाचा सगळा कारभार टॉम नूककडे आहे. जपानी आवृत्तीत त्याचं नाव तानुकिची. तो तानुकी आहे, म्हणजे जपानी लोककथांमधला रूप पालटणारा, थोडा लबाड प्राणी. इंग्रजीत त्याला रॅकून केलं आणि ती छटा गेली, संशय मात्र राहिला. बेटावर पाय ठेवताच तो तुमच्या हातात बिल देतो. हे पहिलं बिल ५,००० नूक माइल्स देऊन फिटतं, आणि ते माइल्स मासे धरणं, तण उपटणं अशा कामांतून आपोआप जमतात. मग तंबूच्या जागी घर हवं असेल तर ९८,००० बेल्सचं कर्ज (बेल्स म्हणजे बेटावरचं चलन). खोली मोठी करायची असेल तर १,९८,०००. असं करत करत शेवटी तळघरासाठी २४,९८,००० बेल्स.

आकडे वाचून घाम फुटतो. पण या कर्जाला व्याज नाही, मुदत नाही, हप्ता चुकला म्हणून दारात कुणी येत नाही. दोन वर्षं एक बेलही भरला नाही तरी नूक हसून विचारपूस करतो. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुणालाही हा माणूस, म्हणजे हा प्राणी, देवमाणूस वाटेल. कर्ज फेडलं नाही तर घर वाढत नाही, इतकंच. सावकार म्हणायचा असेल तर असा सावकार मला प्रत्यक्षात भेटलेला नाही.

खरी तक्रार करायची तर बँकेबद्दल करा. बचत खात्यावर महिन्याला व्याज मिळतं, पण एप्रिल २०२० च्या अपडेटमध्ये तो दर गुपचूप खाली आणला गेला आणि कमाल व्याज ९,९९९ बेल्सवर अडकवलं. त्याची बातमी खऱ्या अर्थविषयक वर्तमानपत्रांनीही छापली होती.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

अर्धा तास पुष्कळ. नव्या खेळाडूंना पटत नाही, म्हणून कारण सांगते.

हा गेम खऱ्या घड्याळावर चालतो. तुमच्याकडे रात्रीचे दहा वाजले की बेटावरही दहा वाजतात आणि दुकान बंद होतं. तुमच्याकडे डिसेंबर तर तिथेही डिसेंबर. बेटाचा दिवस पहाटे पाचला बदलतो. रोज जमिनीत चार जीवाश्म पुरलेले सापडतात, रोज एका खडकातून पैसे उडतात, दुकानातला माल रोज बदलतो. आज बांधायला घातलेला पूल उद्या सकाळी तयार होतो. म्हणजे दिवसभर बसलात तरी पूल काही आधी होणार नाही. फ्रीजमध्ये दही लावून दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहण्यातला तो प्रकार.

नोकरदारांची अडचण एवढीच की दुकान सकाळी आठ ते रात्री दहा. लोकलने घरी येऊन जेवण उरकेपर्यंत ते बंद झालेलं असतं. बाहेर ठेवलेल्या पेटीत माल टाकता येतो, पण किंमत ८० टक्केच मिळते. माझे बरेच मासे असे पडत्या भावात गेले आहेत.

उत्तर गोलार्ध निवडू की दक्षिण?

आपण उत्तरेत राहतो, तेव्हा उत्तर निवडलात तर महिने जुळतात. पण ऋतू जपानचे आहेत हे ध्यानात ठेवा. एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत चेरीचा बहर, ११ डिसेंबरपासून बर्फ. बाहेर ठाण्यात पंखा फुल्ल आणि पडद्यावर गुडघाभर बर्फ, याची सवय होते. पावसाळा असा वेगळा नाही, पाऊस वर्षभर अधूनमधून पडतो. मात्र पाऊस लागला की हातातलं काम टाकून समुद्राकडे पळा. सीलाकँथ हा जीवाश्मांच्या काळातला मासा पावसातच गळाला लागतो. ऑगस्टमध्ये दर रविवारी संध्याकाळी सातला आतषबाजी असते, तीही चुकवू नका.

घड्याळ पुढे सरकवलं तर? त्याला फसवणूक म्हणतात का?

स्विचच्या सेटिंगमध्ये तारीख बदलली की बेटावरची तारीखही बदलते. याला खेळाडू ‘टाइम ट्रॅव्हल’ म्हणतात आणि यावरून त्यांच्यात घाटी-कोकणीइतके तट आहेत. गेम शिक्षा करत नाही. साठवलेले सलगम सडतात (त्यांच्याबद्दल पुढे सांगते), मध्ये लोटलेल्या दिवसांचं तण वाढतं, एवढंच.

माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने करू नका. मी केलं होतं. चार संध्याकाळींत तीन महिन्यांचं बेट तयार झालं, आणि पाचव्या संध्याकाळी मला तिथे काही काम उरलं नव्हतं. मग सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.

सलगमचा धंदा काय आहे? त्यात खरंच पैसे सुटतात?

सुटतात, आणि बुडतातही. माझ्या आईने गेममधलं बाकी काही शिकायला नकार दिला, पण हा धंदा तिने आठवड्याभरात आत्मसात केला.

दर रविवारी पहाटे पाच ते दुपारी बारापर्यंत डेझी मे नावाचं एक डुकराचं पिल्लू, नाकाला शेंबूड आणि डोक्यावर सलगमची टोपली, बेटावर फिरत असतं. ती दहा-दहाच्या जुडीने सलगम विकते. नगाचा भाव ९० ते ११० बेल्सच्या मध्ये. हे सलगम सोमवार ते शनिवारपर्यंत दुकानात विकायचे. दुकानाचा भाव दिवसातून दोनदा बदलतो, एकदा सकाळी उघडताना आणि एकदा दुपारी बाराला. पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर सडतात. कपाटात ठेवता येत नाहीत, त्यामुळे ज्याने भरमसाट घेतलेत त्याच्या घरात चालायला जागा नसते. कांद्याच्या चाळीत राहायला गेल्यासारखं वाटतं.

भावाचे चार प्रकार आहेत. कधी आठवडाभर उतरतच जातो, कधी वरखाली होत राहतो, कधी मध्येच थोडा चढतो, आणि कधी अचानक ६०० च्या पुढे झेप घेतो. सोमवारी सकाळचा भाव पाहून थोडा अंदाज बांधता येतो, पण खात्री नाही. दुसऱ्याच्या बेटावर भाव चढला असेल तर विमानाने तिकडे जाऊन विकता येतं, आणि अनुभवी लोक खरा नफा तिथेच कमावतात.

यामागे एक भाषिक कोटी आहे. जपानीत ‘काबू’ म्हणजे सलगम, आणि ‘काबू’ म्हणजेच शेअर. पूर्ण शेअर बाजार भाजीच्या टोपलीत बसवला आहे. आईचा नियम सांगते: खरेदीच्या दीडपट मिळाले की विकायचे, जास्तीची हाव धरायची नाही. ती तोट्यात गेलेली मी एकदाच पाहिली. तेव्हा शनिवारी लग्नाला जायचं होतं.

धंदा नको. सरळ कष्टाने पैसे कसे मिळतील?

तुमच्या बेटावर सफरचंद, संत्रं, चेरी, पीच किंवा पेअर यांतलं एकच फळ उगवतं आणि ते १०० बेल्सला जातं. तेच बाहेरून आणलेलं फळ ५०० ला जातं. म्हणून पहिल्या परदेशी फळाला खाऊ नका, पेरा. जमिनीत सोनेरी चकाकणारी जागा दिसली की खणा, आणि त्याच खड्ड्यात १०,००० बेल्स पुरा. चार-पाच दिवसांनी झाडाला ३०,००० लागतात. पैशांच्या खडकावर फावड्याने आठ वेळा घाव बसतात, पण दर घावाला तुम्ही मागे ढकलले जाता, म्हणून आधी मागे दोन खड्डे खणून मग मारायला लागा. नोव्हेंबर ते एप्रिल, रात्री सातनंतर, टॅरँट्युला दिसला तर जाळी पुढे धरून दबकत जा. तो ८,००० ला विकला जातो. पंजे वर करून उभा राहिला की तुम्हीही थांबा. पळालात तर चावणार.

घरात एकच स्विच आहे आणि दोन मुलं आहेत. दोन बेटं करता येतील?

नाही. हे विकत घ्यायच्या आधी वाचा, कारण यावरून खूप घरांत रडारड झालेली आहे. एका स्विचवर एकच बेट. त्यावर आठ जण घरं बांधून राहू शकतात, पण जो पहिल्यांदा सुरू करतो तो बेटाचा ‘प्रतिनिधी’ होतो. पूल कुठे, दुकान कुठे, हे तोच ठरवतो. दुसरा आला की त्याला फक्त घर आणि बाग. माझ्या भाचीने धाकट्या भावाच्या आधी सुरुवात केली आणि पुढे सहा महिने ती घरात सरपंचासारखी वागत होती. त्याला एक जिना बांधून घ्यायला तिची भांडी घासावी लागली.

एकाच पडद्यावर चौघं मिळून फिरता येतं, पण त्यातला एकच पुढारी, बाकीचे मागे मागे. मजा लवकर संपते.

शेजारी किती असतात? नावडता शेजारी आला तर हाकलता येतो का?

एका वेळी दहा. एकूण पात्रं ४०० हून जास्त आहेत, त्यामुळे तुमचे दहा आणि माझे दहा सहसा वेगळेच. मांजरं, बदकं, हत्ती, वाघ, गरुड, ऑक्टोपस, सगळे आहेत. स्वभाव मात्र आठच: आळशी, व्यायामवेडा, चिडका, स्वतःवर खूश असलेला, साधी, उत्साही, नखरेल आणि थोरल्या बहिणीसारखी दम देणारी. म्हणून वर्षभराने गप्पा परत त्याच वाटू लागतात. गेमची ही कमजोरी आहे आणि ती मान्य करायला हवी. जुन्या भागांत शेजारी जरा तोंडाळ होते, चक्क अपमान करायचे. आता सगळे फारच गोड झालेत.

हाकलण्याचं म्हणाल तर, तक्रार करून कुणी जात नाही. कधीतरी एखाद्याच्या डोक्यावर विचारांचा ढग दिसतो. त्याला गाठलंत की तो म्हणतो, निघावं म्हणतोय. ‘जा’ म्हणालात तरच जातो. तुमच्या परवानगीशिवाय कुणी बेट सोडत नाही, हे या भागातलं सुख आहे.

दिसायला विचित्र शेजारी लगेच घालवू नका, एवढं मात्र सुचवीन. मी एका चिडक्या म्हाताऱ्या बेडकाला महिनाभर टाळलं. मग मला ताप आला होता तेव्हा आठवडाभर खेळले नाही, आणि परतल्यावर पहिली विचारपूस त्यानेच केली. आता तो जायचं नाव काढतो तेव्हा मी ‘नको’ म्हणते.

संग्रहालयातलं ते घुबड अशुभ नाही ना?

ब्लेदर्स! आपल्याकडे घुबड दिसलं की लोक थू थू करतात, इथे ते सर्वांत विद्वान आणि सर्वांत भित्रं पात्र आहे. त्याला कीटकांची शिसारी येते, आणि तुम्ही त्याला ८० प्रकारचे कीटक नेऊन देणं अपेक्षित आहे. त्याशिवाय ८० मासे, ४० समुद्री जीव, जीवाश्मांचे ७३ भाग आणि ४३ कलाकृती. संग्रहालय म्हणजे या गेमचं सर्वांत देखणं काम. तिथल्या अॅटलास पतंगाला पाहून मला कोकणातलं आमचं अंगण आठवलं, पावसाळ्यात दिव्यापाशी तळहाताएवढा येऊन बसायचा तो.

कलाकृतींच्या बाबतीत सावध राहा. त्या रेड नावाचा कोल्हा होडीतून आणून विकतो आणि त्यात नकली माल भरपूर असतो. मोनालिसाच्या भुवया वर चढलेल्या दिसल्या तर नकली. व्हॅन गॉगची ‘सूर्यफुलं’ आणि जपानी चित्रकार होकुसाईची मोठी लाट मात्र नेहमी अस्सल असतात, डोळे मिटून घ्या. नकली चित्र ब्लेदर्स स्वीकारत नाही आणि दुकानही विकत घेत नाही. माझ्या तळघरात अशा पाच भुवया आहेत.

मराठीत खेळता येतो का?

नाही, हिंदीतही नाही. इंग्रजीत खेळावा लागतो, आणि संवाद वाचल्याशिवाय मजा नाही, म्हणून अगदी लहान मुलांजवळ कुणीतरी बसावं लागतं. माझ्या भाचीचं इंग्रजी वाचन यानेच सुधारलं असं तिची आई म्हणते. मी त्याचं श्रेय घेते.

देवनागरीत टाइप करता येत नाही, पण रोमन अक्षरांत मराठीपणा करायला वाव आहे. बेटाच्या नावाला दहा अक्षरं मिळतात. रत्नागिरी सहज बसतं, सिंधुदुर्ग बरोबर दहा अक्षरांत मावतं, महाबळेश्वर मावत नाही. शेजाऱ्याचा तकिया कलामही बदलता येतो. मी एका बदकाला ‘काय रे’ शिकवलं. ते हळूहळू पसरलं आणि आता नखरेल मेंढीसुद्धा वाक्याच्या शेवटी ‘काय रे’ म्हणते. कापडावरची नक्षी ३२ बाय ३२ चौकोनांत आणि पंधरा रंगांत काढायची असते. वारली माणसं त्यात छान बसतात. पैठणीच्या पदरावरचा मोर मला तीन रविवार पुरला आणि शेवटी कोंबडाच झाला.

हे सुचलं कुणाला?

कात्सुया एगुची यांना. १९८६ मध्ये निन्टेंडोत काम करायला ते चिबा सोडून क्योतोला गेले. घरचे आणि मित्र मागे राहिले, आणि शेजारपाजार, सोबत ही आपण किती गृहीत धरलेली असते ते तिथे जाणवलं. शिवाय ते कामावरून रात्री उशिरा परतायचे, तोवर घरच्यांचं खेळून झालेलं असायचं. एकाच गावात घरच्यांनी दिवसा खेळावं, आपण रात्री, आणि तरी एकमेकांसाठी काही ठेवून जाता यावं, असा गेम त्यांना हवा होता. पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिला भाग १४ एप्रिल २००१ ला फक्त जपानमध्ये, निन्टेंडो ६४ वर आला. नाव ‘दोबुत्सु नो मोरी’, म्हणजे प्राण्यांचं वन. वेळ कळावी म्हणून त्या कार्ट्रिजमध्येच घड्याळ बसवलेलं होतं.

२०२० मध्ये अचानक सगळे हाच का खेळत होते?

‘न्यू होरायझन्स’ २० मार्च २०२० ला आला. आपल्याकडे चार दिवसांनी टाळेबंदी जाहीर झाली. घराबाहेर पडता येत नसताना बेटावर शेजाऱ्याकडे चहाला जाता येत होतं. लोकांनी त्यावर वाढदिवस केले, लग्नं केली. हाँगकाँगमध्ये आंदोलकांनी बेटांवर फलक लावले, आणि त्या एप्रिलमध्ये चीनमधल्या ऑनलाइन दुकानांतून हा गेम दिसेनासा झाला. आजवर त्याच्या साडेचार कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत.

मुलांसाठी सुरक्षित आहे?

हो. बेटाचं विमानतळ तुम्ही उघडलं तरच कुणी येतं, आणि पाच अक्षरांचा कोड असेल तर ज्याला तो सांगाल तोच. गेमच्या आत खऱ्या पैशांनी काही विकत घ्यायचा मोह नाही. ऑनलाइन जायला मात्र निन्टेंडोची वर्गणी लागते.

फोनवर मिळेल का? आणि नवीन काही येतं का त्यात?

‘न्यू होरायझन्स’ स्विच आणि स्विच २ वरच. फोनवर ‘पॉकेट कॅम्प’ नावाचा धाकटा भाऊ २०१७ मध्ये आला. त्याची ऑनलाइन सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली आणि त्याजागी एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्ती आली.

अपडेट्समध्ये मोठी ती नोव्हेंबर २०२१ ची. तिच्यात शेती आणि स्वयंपाक आला: टोमॅटो, गहू, ऊस, बटाटे, गाजरं. शिवाय कबुतराचा कॉफीचा अड्डा, २०० बेल्सला कप. त्यानंतर वाटलं आता झालं, पण जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा एक मोफत अपडेट आली आणि धक्क्यावर हॉटेल उभं राहिलं.

भारतात कुठून घेऊ?

निन्टेंडोची इथे अधिकृत विक्री नाही, त्यामुळे स्विच बाहेरून आणलेलाच मिळतो. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर, तेव्हा बिल घ्या आणि चार्जरची पिन दुकानातच तपासा. परदेशातून कुणी येणार असेल तर त्यालाच सांगा. हा गेम कार्डावर घेतला तर नंतर विकता येतो, पण या गेमचं कार्ड विकणारे मला फार भेटलेले नाहीत.

वर्षभर उघडलेला नाही. आता उघडायला भीती वाटते. सगळं उद्ध्वस्त झालं असेल का?

तण माजलेलं असेल. घरात झुरळं असतील, ती पायाने चिरडायची. तुमचे केस झोपेतून उठल्यासारखे विस्कटलेले दिसतील. शेजारी मात्र दहाच्या दहा जागेवर असतील, कारण परवानगीशिवाय कुणी जात नाही. एखादा विचारेल, इतके दिवस होतास कुठे. उत्तर द्यायची सोय गेममध्ये आहे, पण मी तेव्हा नुसतीच तण उपटायला लागले. तो बेडूक थोडा वेळ मागे मागे फिरला, मग झाडाखाली जाऊन बसला.